तुमचं काही चुकलेलं नाही

वर्तमानपत्रात ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी येणारं सदर ही मोठी गमतीची गोष्ट आहे. ते लिहिणाऱ्याला आपण ओळखत नसतो. उद्या रस्त्यात समोर आला तरी ओळखणार नाही. पण सकाळचा चहा आणि त्याचा मजकूर यांची वर्षानुवर्षांची सांगड पडून गेलेली असते. त्याची मतं, त्याच्या खोडी, त्याला कशाचा राग येतो, हे सगळं आपल्याला घरच्या माणसासारखं ठाऊक असतं. एखाद्या आठवड्यात सदर आलं नाही, तर ‘बरं नाहीये की काय त्यांना?’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. आणि मग एके दिवशी मजकुराखाली चौकटीत दोन ओळी येतात, की हा या सदरातला शेवटचा लेख. शेजारचं बिऱ्हाड बदली होऊन दूरच्या गावी निघालं की जसं वाटतं, तसं काहीसं वाटतं.

नाटकावर, गाण्यावर, प्रवासावर लिहिणाऱ्यांच्या वाट्याला असा निरोप येतो, यात नवल नाही. पण कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मोबाइल फोन यांच्याविषयी लिहिणाऱ्या माणसाला निरोप देताना वाचकांचे गळे दाटून यावेत, हे जरा विचित्र वाटतं खरं. कारण यंत्रावरचं लेखन हे मुळातच अल्पायुषी. १९९५ सालच्या प्रिंटरचं परीक्षण आज कोण वाचणार? ज्या यंत्रांविषयी तो माणूस आयुष्यभर लिहीत आला, ती सगळी केव्हाच भंगारात गेली. मग वाचकांच्या मनात उरलं काय? निरोप द्यायचा तो नेमका कशाला?

२०१७ साली अमेरिकेत अशा दोन लेखकांना वाचकांनी निरोप दिला. एक जूनमध्ये निवृत्त झाला, दुसरा सप्टेंबरमध्ये वारला. पहिल्याचं नाव वॉल्ट मॉसबर्ग, दुसऱ्याचं जेरी पूर्नेल. दोघांचे स्वभाव, पेशे आणि वाचकवर्ग सर्वस्वी वेगळे. तरी त्यांचे वाचक ज्या गोष्टीसाठी हळहळले, ती एकच होती असं मला वाटतं.

विस्कळीत वाड्यातला कादंबरीकार

आधी पूर्नेल. कारण त्यांची ओळख मला आधी झाली, तीही फुटपाथवर. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या आसपास जुन्या पुस्तकांचे ढीग मांडलेले असत, तेव्हाची गोष्ट. त्या ढिगांत कधीकधी ‘बाइट’ नावाच्या अमेरिकन मासिकाचे जाडजूड अंक सापडत. पाच-पाचशे पानांचे, निम्म्याहून अधिक जाहिरातींचे. त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यावरून जाई. पण एक सदर मात्र मी कादंबरीसारखं वाचत असे. ते पूर्नेल यांचं.

पूर्नेल यांचा जन्म १९३३ चा. शिक्षण मानसशास्त्र आणि राज्यशास्त्राचं, सुरुवातीची नोकरी विमान-अंतराळ उद्योगातली आणि कीर्ती विज्ञानकथालेखक म्हणून. लॅरी निव्हन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या कादंबऱ्या लाखोंनी वाचल्या. १९७०चं दशक संपता संपता त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो चैन म्हणून नव्हे, तर कादंबऱ्या लिहायला. ज्यानं कधी चारशे पानांचं हस्तलिखित खोडाखोड करून, मग पुन्हा सुवाच्य अक्षरात त्याची मुद्रणप्रत केली आहे, त्यालाच या खरेदीमागची कळकळ समजेल. संगणकावर कादंबरी लिहिणाऱ्या अगदी पहिल्या लेखकांत त्यांची गणना होते. त्या यंत्राला त्यांनी इझिकिएल असं बायबलमधल्या प्रेषिताचं नाव दिलं आणि लाडानं ते त्याला ‘झीक’ म्हणत. लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराला ते ‘केऑस मॅनर’ म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर विस्कळीत वाडा, गोंधळाची हवेली.

१९८०च्या सुमारास ‘बाइट’मध्ये त्यांचं सदर सुरू झालं. त्याची रीत अशी : कंपन्यांकडून नवी यंत्रं, नवे प्रोग्रॅम घरी येत. पूर्नेल ते जोडत. ते चालत नसत. मग आठवडाभर काय काय झालं, कोणती वायर कुठे लावली, कोणाला फोन केले, रात्री किती वाजता यंत्र एकदाचं चालू झालं आणि त्याच वेळी दुसरं कसं बंद पडलं, याची साद्यंत हकिगत ते लिहीत. ते इंजिनिअर नव्हते आणि तसा आवही आणत नसत. वाचकानं पैसे खर्च करण्याआधी त्याच्या वतीनं एकदा तोंडघशी पडून पाहायचं, ही त्यांची नोकरी. यंत्र अडलं की महागाचे भाग बदलण्याआधी साधी केबल तपासा, हा त्यांचा आवडता उपदेश कितीतरी घरांत आणि कचेऱ्यांत लोकांनी तोंडपाठ केला.

‘बाइट’चा छापील अंक १९९८च्या जुलैनंतर बंद झाला. मासिक मालकी बदलून गेलं होतं आणि नव्या मालकांनी ते गुंडाळलं. सर्वसाधारणपणे इथे सदरलेखकाची गोष्ट संपते. पूर्नेल यांची संपली नाही. त्यांनी इंटरनेटवर आपली दैनंदिनी चालू ठेवली, आणि वाचकांनी तिच्यासाठी वर्गणी भरली. या वर्गणीची पद्धतही त्यांच्या स्वभावाला शोभणारी होती. लॉस एंजेलिसमध्ये शास्त्रीय संगीत ऐकवणारं एक आकाशवाणी केंद्र आहे, ते श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. ते केंद्र वर्षातून जेव्हा देणगी-सप्ताह पाळी, तेव्हाच पूर्नेल आपल्या वाचकांकडे हात पसरत, एरवी नाही. देवळातल्या सप्ताहाला जशी गावाची वर्गणी निघते, तसं हे काहीसं. वाचण्याची सक्ती नाही, पैसे न देणाऱ्याला दार बंद नाही. तरीही लोक देत होते.

२००८ साली त्यांच्या मेंदूत गाठ निघाली, तिच्यावर किरणोपचार झाले. २०१४च्या डिसेंबरमध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर दहा बोटांनी झरझर टाइप करणारा हा माणूस दोन बोटांनी टाइप करू लागला. एका वेळी दोन-दोन कळा दाबल्या जात, शब्दागणिक दुरुस्ती करावी लागे. हेही त्यांनी वाचकांपासून लपवलं नाही. माझ्यासारख्याला कोणता कीबोर्ड सोयीचा पडेल, याची चर्चा त्यांनी वाचकांबरोबरच केली! चौतीस-पस्तीस वर्षं ज्यांना त्यांनी सल्ले दिले, ते वाचक आता त्यांना सल्ले देत होते. २०१७च्या सप्टेंबरमध्ये अटलांटातल्या विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्याहून ते सर्दी-ताप घेऊन परतले, तसं त्यांनी लिहिलंही, आणि लगेच ८ सप्टेंबरला झोपेतच वारले. वय ८४.

त्यांना आदरांजली वाहणाऱ्यांमध्ये कादंबऱ्यांचे चाहते होते, तसेच ‘बाइट’चे जुने वाचकही होते. अंक हातात पडला की आधी पूर्नेल यांचं पान उघडायचं, असं सांगणारे कितीतरी. त्यांतले अनेकजण आज स्वतः संगणकतज्ज्ञ आहेत. म्हणजे त्यांना पूर्नेल यांच्यापेक्षा कितीतरी अधिक कळतं. मास्तरांपेक्षा पुढे गेलेले विद्यार्थी मास्तरांच्या आठवणी काढतात, तशातला हा प्रकार. आठवणी होत्या त्या एका माणसाच्या सोबतीच्या. मध्यरात्री बंद पडलेल्या यंत्रासमोर एकट्यानं बसलेल्या माणसाला तेव्हा एवढंच कळणं पुरेसं होतं, की कॅलिफोर्नियातला एक नामांकित लेखकही याच क्षणी असाच केसांतून हात फिरवत बसला असेल.

गुरुवारचा वकील

मॉसबर्ग हे वेगळं प्रकरण. हे पक्के वार्ताहर. जन्म १९४७ चा. १९७० साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकात ते दाखल झाले आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये राहून संरक्षण, परराष्ट्र व्यवहार असे वजनदार विषय त्यांनी हाताळले. अशा माणसानं एके दिवशी संपादकांना सांगावं, की मला आता घरगुती कॉम्प्युटरवर साप्ताहिक सदर लिहायचं आहे, हे त्या काळात विचित्रच होतं. परराष्ट्रमंत्र्यांच्या विमानातून फिरणारा माणूस आता माऊस आणि मॉडेमवर लिहिणार! पण १७ ऑक्टोबर १९९१ च्या गुरुवारी ते सदर सुरू झालं.

पहिल्याच लेखाच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी आपली भूमिका मांडली. घरगुती संगणक वापरायला फार अवघड आहेत, आणि हा दोष वापरणाऱ्यांचा नाही, असं त्याचं सार होतं.

आज हे वाक्य साधं वाटेल. त्या काळाची कल्पना करा. तेव्हा कॉम्प्युटरवर लिहिणारी मंडळी ही स्वतः कॉम्प्युटरवेडी. त्यांचं लेखन एकमेकांसाठी. ज्याला यंत्र चालवता येत नाही तो मंद, असा त्या लेखनाचा एकूण सूर. कंपन्यांचाही तोच. जाडजूड माहितीपुस्तिका द्यायची आणि यंत्र अडलं की म्हणायचं, पुस्तिका नीट वाचली नाहीत. मॉसबर्ग यांनी खुर्ची उलटी फिरवली. ते म्हणू लागले, की मी सर्वसामान्य वापरणाऱ्याच्या बाजूनं बसणार आहे. मिक्सर किंवा टीव्ही घेतल्यावर आपण तो चालवायला शिकवणीला जात नाही. मग याच यंत्राचे एवढे लाड का?

पुढची बावीस वर्षं हे सदर त्या दैनिकात चाललं. कंपन्यांना त्याची किती धास्ती होती, याचं एक उदाहरण सांगतो. २००१ साली मायक्रोसॉफ्ट आपल्या नव्या विंडोजमध्ये एक युक्ती घालणार होती. तुम्ही इंटरनेटवर कोणाचंही पान उघडा, त्यातल्या काही शब्दांखाली आपोआप रेघ उमटायची, आणि त्या शब्दांवरून तुम्ही कंपनीला हव्या त्या ठिकाणी पोहोचायचं. म्हणजे लेख तुम्ही लिहिलेला, पान तुमचं, पण त्यावर समासात लिहिण्याचा हक्क विंडोज विकणाऱ्याचा. मॉसबर्ग यांनी जूनच्या आरंभी यावर कडक लेख लिहिला. गदारोळ उठला. महिना संपायच्या आत कंपनीनं ती युक्ती मागे घेतली.

२००७ मध्ये त्यांनी लिहिलं, की नवाकोरा संगणक विकत घ्यावा तर तो आधीच जाहिराती आणि चाचणीपुरत्या प्रोग्रॅमांनी खचाखच भरलेला असतो. म्हणजे नवीन घराची किल्ली मिळावी आणि आत आधीच चार फेरीवाले ठाण मांडून बसलेले असावेत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोबाइल सेवा कंपन्यांना त्यांनी सोव्हिएत रशियातल्या सरकारी खात्यांची उपमा दिली. ग्राहकानं कोणता फोन वापरायचा, त्यात काय घालायचं, हे सगळं ठरवणार त्या.

त्यांच्यावर टीकाही होई. ॲपल कंपनीच्या वस्तूंकडे त्यांचा कल आहे, असं अनेकजण म्हणत. २००७ साली आयफोन बाजारात येण्याआधी ज्या चार परीक्षकांच्या हाती पडला, त्यांत मॉसबर्ग होते, हेही खरं. पण पुढच्याच वर्षी याच कंपनीनं ‘मोबाइलमी’ नावाची सेवा काढली, तेव्हा ती शिफारस करण्याजोगी नाही असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. तो लेख कंपनीच्या मालकांना एवढा लागला, की त्या सेवेच्या प्रमुखाला बाजूला करण्यात आलं, अशी हकिगत पुढे छापून आली.

हे बळ कुठून आलं? माझी नोकरी कर्ज मंजूर करण्याच्या खुर्चीत गेली आहे. दिवाळीला येणारे सुक्या मेव्याचे डबे, नव्या वर्षाच्या डायऱ्या, ‘साहेब, घरचंच आहे, आंबे आहेत’ म्हणून दारात ठेवलेल्या पेट्या, हे मी पाहिलेलं आहे. पेटी एकदा घरात आली की पुढच्या अर्जावरची सही जरा पातळ शाईनं होते, हे त्या खुर्चीत बसलेला प्रत्येकजण जाणतो. म्हणून मला मॉसबर्ग यांच्या लेखांइतकंच त्यांचं जाहीर निवेदन महत्त्वाचं वाटतं. ज्या कंपन्यांच्या वस्तूंबद्दल मी लिहितो त्यांच्याकडून पैसे घेत नाही, फुकट वस्तू घेत नाही, प्रवासखर्च घेत नाही, त्यांच्यासमोर भाषण करून मानधन घेत नाही, त्यांचे शेअर बाळगत नाही, परीक्षणासाठी आलेली वस्तू परत करतो. असं त्यांनी वाचकांना लेखी सांगून ठेवलं होतं. बँकेत हिशेबतपासनीस येतात तेव्हा आपण कपाटं उघडून देतो, तशी त्यांनी आपली कपाटं वाचकांसमोर उघडी ठेवली.

२०१३ सालच्या डिसेंबरात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधला शेवटचा लेख लिहिताना मॉसबर्ग यांनी आपल्या कारकिर्दीत पाहिलेल्या बारा वस्तूंची यादी दिली. नेटस्केप, विंडोज ९५, पामपायलट, गूगल, आयपॉड, फेसबुक, आयफोन अशी ती यादी होती. कसोटी काय? पहिली हीच, की त्या वस्तूमुळे साध्या माणसाचं काम सोपं झालं का. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या ओळीत घेतलेली शपथ शेवटच्या पानावर तपासून पाहण्याचा हा प्रकार मला फार आवडला. पुढे सहकारी कारा स्विशर यांच्यासह त्यांनी स्वतःची वृत्तसंस्था काढली, ती दुसऱ्या समूहानं विकत घेतली, पण लेखन सुरूच राहिलं. अखेरचा साप्ताहिक लेख २५ मे २०१७ रोजी आला आणि जूनमध्ये सत्तरीच्या मॉसबर्गनी निवृत्ती घेतली.

त्या शेवटच्या लेखात त्यांनी सांगितलं, की आता यंत्रं दिसेनाशी होत जातील. ती भिंतीत, मोटारीत, घड्याळात, कपड्यांत जाऊन बसतील आणि आपण आज्ञा न देताच कामं करू लागतील. त्यात सोय आहे; पण जे यंत्र दिसत नाही ते आपल्यावर सतत कान देऊन असेल, तेव्हा आपली खासगी माहिती जपणारे कडक कायदे आधी करा, असं बजावून ते उठले. निवृत्तीनंतरही स्वस्थ बसले नाहीत. शाळकरी मुलांना खरी बातमी आणि खोटी बातमी यांतला फरक शिकवणाऱ्या एका संस्थेच्या कामात ते शिरले, आणि २०१८च्या अखेरीस फेसबुकचं खातं बंद करून मोकळे झाले. आपल्याच बारा वस्तूंच्या यादीतलं एक नाव, पटेनासं झालं तेव्हा त्यांनी स्वतःपुरतं खोडून टाकलं.

साडीला पुसलेला अंगठा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. वाचकांनी निरोप दिला तो कशाला?

यासाठी मला आपल्याकडच्या बँकेच्या काउंटरवर यावं लागेल. मी नोकरीला लागलो ते १९८०चं दशक. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या डॉ. रंगराजन समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दलचा अहवाल १९८४ साली आला. लेजर पोस्टिंगची यंत्रं शाखांत येऊ लागली, त्याआधी आणि त्यानंतर संघटनांशी करार झाले, सभा झाल्या, दारात घोषणा झाल्या. यंत्रामुळे नोकऱ्या जातील ही भीती त्या घोषणांत होती. पण दुसरी एक भीती कुणी घोषणेत बोललं नाही. पन्नाशीचा हेडक्लार्क, ज्याची बेरीज आयुष्यात चुकली नाही, तो त्या पडद्यासमोर बसून घामाघूम होई. बाजूला नुकताच कॉलेजातून आलेला पोरगा उभा. ‘अहो काका, हे बटण नाही, ते!’ या एका वाक्यात तीस वर्षांची अब्रू जाई. त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं, की बटणांची मांडणीच वेडगळ आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. तसं सांगणारं सदर आमच्या टेबलावर येत नव्हतं.

पुढे यंत्रं काउंटरच्या पलीकडे, ग्राहकांकडे सरकली. काही वर्षांपूर्वी पेन्शनच्या एका कामासाठी मी एका शाखेत बसलो होतो. हयातीचा दाखला आता बोटाच्या ठशावरही देता येतो. २०१४ पासून ती सोय आहे आणि ती खरोखरच चांगली आहे. माझ्यापुढे पंच्याहत्तरीच्या एक बाई होत्या. आयुष्यभर भांडी घासून, शेण सारवून, निवडणं-पाखडणं करून बोटांवरच्या रेघा झिजलेल्या. यंत्रानं ठसा जुळत नाही म्हणून सांगितलं. बाईंनी अंगठा साडीच्या पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा जीव खाऊन पुसला आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, ‘माझंच काहीतरी चुकतंय बघ, बाळ.’

मला विचाराल तर तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्याचं खरं काम या एका वाक्याला उत्तर देण्याचं आहे. यंत्र ज्यांनी बनवलं, त्यांना श्रम करणाऱ्या हातांची आठवण राहिली नाही. चूक असलीच तर ती तिथे आहे. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय पुढे आली, म्हणजे ही गोष्ट सुधारता येण्यासारखी होती, हे सिद्धच झालं. पण ती येईपर्यंत किती अंगठे किती पदरांना पुसले गेले असतील!

योगायोग असा, की मॉसबर्ग निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ६ जुलै २०१७ रोजी, आपल्या रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या खात्यातून त्याच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक मार्गानं पैसे गेले, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याच्यावर जबाबदारी शून्य. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर, असं त्यात म्हटलं होतं. ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्याला हे संरक्षण सरसकट मिळत नव्हतं, हेही खरं. पण सरकारी भाषेच्या सगळ्या कलमा-उपकलमांमधून पाहिलं, तर त्या कागदाचा गाभा तोच होता : दोष तुमचा आहे असं आधीच धरून चालणार नाही. मात्र परिपत्रक आणि माणूस यांच्यामध्ये जे अंतर असतं, ते सदर लिहिणाराच बुजवू शकतो. फसवणूक झालेली कित्येक वडीलधारी माणसं ते तीन दिवस लाजेत घालवतात. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्या लिंकवर जायला?’ हे ऐकावं लागेल, या भीतीनं बोलतच नाहीत. चोरानं नेलेल्या पैशांहून या मौनाचं व्याज जास्त असतं.

आज यंत्रांची परीक्षणं करणाऱ्यांची वाण नाही. फोनवर एक शब्द टाका, शंभर चित्रफिती हजर. नवं खोकं उघडताना दाखवणारी उत्साही, गोड मुलं. त्यांतली काही प्रामाणिकही आहेत. पण फोन फुकट आला होता का, खाली दिलेल्या दुव्यावरून आपण खरेदी केली तर त्यांना किती दलाली मिळते, हे आपल्याला क्वचितच कळतं. शिवाय बहुतेकांचा सगळा भर नवं काय आलं यावर. जुना फोन हातात धरून बसलेल्या माणसाचं काय, याला त्यात जागा नाही. पूर्नेल आणि मॉसबर्ग यांच्या वाचकांना वाईट वाटलं ते यासाठी. माहिती पुष्कळ मिळत राहणार होती. आपल्या बाजूनं भांडणारा, आपल्याआधी पडून पाहणारा माणूस मात्र उठून गेला होता.

ती खुर्ची एकट्यादुकट्या लेखकानं भरून निघेल असं वाटत नाही. आमच्या मराठी घरांत तर ती आताच दुसऱ्या कुणीतरी घेतली आहे. कुठे नात, कुठे भाचा, कुठे शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा. रविवारी सकाळी आजोबा चष्मा कपाळावर चढवून, फोन पुढे करत त्यांच्याकडे येतात आणि ‘हे बघ रे जरा, माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं,’ असं म्हणतात. हा लेख वाचत असताना कदाचित तुमच्याच घरात कुणी असं उभं असेल.

त्या नातवंडांना माझी एक विनंती आहे. फोन त्यांच्या हातातून ओढून घेऊन दोन सेकंदांत काम उरकू नका. तो त्यांच्याच हातात राहू द्या, बोट त्यांचंच फिरू द्या, वेळ लागला तर लागू द्या. आणि पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते मॉसबर्गनी १९९१ सालीच सांगून ठेवलं आहे. मराठीत ते आणखी सोपं होतं. आजोबा, तुमचं काही चुकलेलं नाही.